कताईच्या बाईंची फटफटी

"मंग?"

एवढाच शब्द. तो म्हणताना बाईंची मान जराशी डावीकडे कलायची आणि हातातला चरखा काही थांबायचा नाही. बाई, तुम्ही डाव्या हाताने चरखा फिरवता, असं कोणी म्हटलं की "मंग?" बाई, तुमच्या यजमानांची फटफटी अजून अंगणातच आहे का हो, असं विचारलं की "मंग?" या शब्दाला पुढे उत्तर नसतं. विचारणारा दोन क्षण उभा राहायचा आणि आपल्या वाटेने जायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, की ज्याच्याशी भांडायला गेलं तर भांडण सुरूच होत नाही. आमच्या कताईच्या बाई तशा होत्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून कोणी मला उगीच शहाणपण शिकवायला आलं की माझ्या तोंडात तोच शब्द येतो. मला मात्र तो तसा जमत नाही.

आम्ही दोघी वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत होतो. मी भूगोल शिकवायची, त्या सूतकताई. गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली आहे. तेव्हा आमच्या गावात घरोघरी चरखा होता, पोरींच्या दप्तरात पाटीबरोबर टकळी असायची, आणि सावकाश चालणं हा एक गुणच मानला जायचा. माणसं सायकलसुद्धा अपराध केल्यासारखी चालवायची. अशा गावात नागपूर रस्त्याच्या शेवटच्या टोकाला आमची दोन घरं लागून, आणि बाईंच्या अंगणात ती फटफटी.

बाई डावखुऱ्या. लहानपणी आईने हात बांधून पाहिला, मास्तरांनी पट्टी मारून पाहिली, हात काही बदलला नाही. चरखासुद्धा त्या उलटा मांडून बसायच्या, त्यामुळे त्यांच्या सुताला पीळ उलटा पडे. खादी भांडारातला तपासनीस त्यांच्या सुताची गुंडी हातात घेऊन कपाळाला आठ्या घालायचा. हे सूत बाकीच्या सुतात मिसळत नाही, असं तो दर खेपेला सांगायचा. वेगळं विणा, असं बाई दर खेपेला सांगायच्या. शेवटी त्यांच्या सुताचे वेगळे टॉवेल विणायला लागले, आणि ते चांगले निघाले हे तपासनिसाने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

त्यांचे यजमान एका कापसाच्या प्रेसमध्ये इंजिनावर होते. आडव्या बांध्याचा, मोठ्याने हसणारा माणूस. इंग्रज गेले तेव्हा एका निघालेल्या साहेबाकडून त्यांनी ती गाडी घेतली होती. साधी फटफटी नव्हे ती. शर्यतीसाठी बांधलेली विलायती गाडी, पाचशेचं इंजिन. साहेबाने बरोबर सुट्या भागांची एक लाकडी पेटीही दिली होती. यजमान म्हणायचे, साधी फटफटी ताकावर चालते, हिला लोणी लागतं. किक मारायच्या आधी हँडलवरचा एक बारकासा खटका दाबून इंजिनातला दाब सोडावा लागे. विसरलात तर किक उलटून पोटरीवर बसायची. ती सुरू झाली की आमच्या भिंतीवरची भांडी वाजायची, आणि माझी सासू देवाचं नाव घ्यायची.

रविवारी सकाळी यजमान अंगणात गाडी खोलून बसत आणि बाई शेजारी चरखा घेऊन. ते नुसता हात मागे करायचे आणि बाई नजर न उचलता हवा तो पाना त्या हातात ठेवायच्या. प्रेसच्या मागच्या मैदानात त्यांनी बाईंना गाडी चालवायलाही शिकवली होती. पाहणाऱ्यांनी तोंडं फिरवली, पण पुढच्या रविवारी तीच तोंडं पुन्हा कुंपणाशी हजर होती.

मग तो वैशाख आला. यजमान केळझरहून परत येत होते. सेलूच्या अलीकडे इंजिन चिकटलं. माणूस गाडी तिथे सोडून बैलगाडीत बसून आला असता, पण यांनी ती भर दुपारी ढकलत आणली. नागपूर रस्त्याला गाव लागतं तिथे एक मोठा कडुनिंब आहे. तिथून आमची घरं दिसतात. त्या निंबापाशी ते बसले ते उठले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि गाडी नीट स्टँडवर उभी होती. ऊन लागून माणूस जातो हे आमच्याकडे कोणाला नवीन नाही, पण दोष उन्हाला देऊन कोणाचं समाधान होत नाही.

ते समाधान बाईंच्या भासऱ्यांनी शोधलं. भासरे म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, अल्लीपूरचे. शेती करणारे, उंच, मितभाषी, पांढरा फेटा. बाप लवकर गेल्यामुळे धाकट्याला त्यांनीच वाढवलं होतं. आता तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत असेलच. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. त्यानेही बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. त्या घरात ते तिसरं माणूस मी होते. एका खोलीत दोघं, मध्ये मी, आणि "सांगा त्यांना", "विचारा त्यांना" असं चाले. मी काही सांगायची नाही नि विचारायची नाही, कारण दोघांनाही सगळं ऐकू येत असे. मी फक्त बसलेली असायची, त्यांच्या बोलण्याचा परवाना असल्यासारखी.

तेरावा झाला त्या दिवशी ओसरी माणसांनी भरलेली होती. भासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा त्यायले, ते भूत अंगणातून काढा. वर्षश्राद्धाच्या आधी भंगारात द्या. पोरासारखा वाढवला म्या त्याले. तेल नाई पाह्यलं, पानी नाई पाह्यलं, पळवत सुटला. नादापायी गेला."

लोकांनी माना हलवल्या. आतल्या दाराआडून बाईंचा आवाज आला. रडून घसा बसला होता, तरी शब्द सुटे होते.

"सांगा त्यायले, तेल पाह्यल्याबिगर यायनं कधी किक नाई मारली. वर्षश्राद्धापर्यंत थांबा. इंजिन मी खोलीन. त्यायची चूक निघाली तर गाडी भंगारात. नाई निघाली तर दादाजींनी चारचौघांत म्हणायचं, का माझ्या भावाचं चुकलं नव्हतं."

यजमान थोरल्याला दादा म्हणत, म्हणून बाई त्यांचा उल्लेख दादाजी असा करत, अर्थात थेट हाक मारून कधी नाही.  भासरे मला म्हणाले, ठीक आहे म्हणावं. मी काही म्हटलं नाही.

त्यानंतर गावाला बोलायला विषय झाला. बाईच्या जातीने इंजिन खोलावं का, त्यातही नवरा गेलेल्या बाईने, त्यातही खादी नेसणाऱ्या बाईने, अशा पायऱ्या होत्या. एकीने सांगितलं की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाईंना ते कळलं, आणि खरंच आहे ते, असं म्हणून त्या शाळेत निघून गेल्या.

शाळा सुटली की त्या पातळाचा काचा, म्हणजे कासोटा, मारून अंगणात बसत. खाली जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडलेला. मी ओट्यावर वह्या तपासत बसायची. पिस्टन निघाला, त्याच्या कडेवर ओरखडे होते. मग आतली दोन जड लोखंडी चाकं निघाली, पिस्टनला त्यांच्याशी जोडणारा दांडा निघाला. दांड्याच्या खालच्या टोकाला बेअरिंग असतं, ते कोरडं पडून निळं झालं होतं. बाईंनी ताबडतोब तेलाच्या टाकीत काडी घातली. काडी अर्ध्याच्या वर ओली निघाली.

"तेल होतं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, माझ्याकडे वळून, "बाई, तेल होतं न." मी वही फेकून खाली उतरले. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या, काळे हात तसेच माझ्या लुगड्याला लावून. ते डाग कधी निघाले नाहीत.

पण तेल होतं तर बेअरिंगपर्यंत का पोचलं नाही, हा प्रश्न राहिलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाची वाट तपासायला घेतली. टाकीतून इंजिनात जाणारी ती एक बारीक नळी आणि तिच्यापुढचं त्याहून बारीक भोक. त्यात त्यांनी तार घातली. तार अडली. हळूहळू ओढली तशी तिच्याबरोबर एक काळा, लिबलिबीत गुंता बाहेर आला. बाईंनी तो वाटीतल्या रॉकेलमध्ये खळखळून धुतला. काळेपणा गेला. सूत होतं.

आमच्या गावात पुसायला फडकं कोण घेतं? कताईत तुटलेलं, गुंतलेलं सूत ढीगभर असतं. दिवा पुसा, सायकल पुसा, खिडकीचे गज पुसा, सगळं त्यानेच. बाईंनी तो धागा दोन बोटांत धरून उलगडला. एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. मग तो वाटीच्या कडेवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.  मी जवळ जाऊन पाहिलं. चरख्याच्या गावात राहून एवढं मलाही कळत होतं. पीळ उलटा होता.

मग त्यांनी सांगितलं. केळझरला निघायच्या आदल्या रविवारी यजमानांनी जुनं तेल काढलं होतं आणि टाकी पुसून द्या, म्हणून बाईंना सांगितलं होतं. जुनं धोतर घ्या, असंही म्हणाले होते. धोतर आत होतं, सूत हाताशी होतं.

पुढे बरेच दिवस अंगणात कोणी बसलं नाही. धोतरावरच्या भागांवर धूळ साचली. मी रोज जाऊन पाणी भरून यायची, भाकरी ठेवून यायची. एके दिवशी मी सरळ सांगितलं, तो धागा चुलीत टाका. तेल होतं हे खरं आहे, तेवढंच भासऱ्यांना सांगा. बाकी कोणाला काय कळतंय?

"मंग? खोटं बोलून त्यायचं नाव धुऊ?"

 बाई भिंतीला टेकून होत्या. मग म्हणाल्या, "मले रडत बसवायले सारं गाव टपून राह्यलं आहे. रडीन न मी. पन इंजिन जोडून रडीन. सेलूपासून त्यायनं गाडी ढकलत आणली. तो रस्ता तसाच नाई ठेवत मी. तेवढा रस्ता गाडी सोता चालत यीन, मंग पाहू."

आणि उठून त्यांनी धुळीवर फडकं मारलं. फडकं, सूत नव्हे.

यजमानांच्या प्रेसमधल्या सोबत्यांनी सिलिंडर आतून घासून साफ करून दिलं. नवा पिस्टन आणि बेअरिंग साहेबाच्या पेटीत निघाले. राहिली ती दोन चाकं. ती खिळ्याने एकमेकांना जोडून इतकी सरळ बसवावी लागतात की फिरताना केसभरही डुलता कामा नयेत, नाहीतर ते जोरकस इंजिन स्वतःलाच झोडपून काढतं. बाईंनी ती चाकं खादीच्या पंच्यात बांधली आणि आम्ही दोघी मोटारीने जामला गेलो. तिथे रस्त्याच्या फाट्यावर मालमोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे खिळा दाबून बसवायचं यंत्र होतं.

मिस्त्रीने आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी तिथेही तिसरं माणूस. त्याने खिळा बसवून दिला, पण चाकं सरळ करणं इथलं काम नाही, नागपूरला न्या, म्हणाला. बाईंनी त्याच्याकडून दोन टोकदार खुंट मागून घेतले, त्यांच्या मध्ये चाकं टांगली आणि फिरवली. फिरत्या कडेजवळ खडू धरला. जिथे चाक बाहेर येत होतं तिथेच खडू उमटला. चरख्याची चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, वाकली की आमच्या शाळेत अशीच तपासतात. फिरवायची, उंचवटा पाहायचा, तिथे हलकेच ठोकायचं. बाईंनी लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं. काही हाललं नाही. पुन्हा ठोकलं. मिस्त्री विडी ओढत पाहत होता.

"ओ बाई, ते चाती नाही न," तो शेवटी म्हणाला. "लोहा है. गोंजारून काय होते? हाणा." आणि त्याने तांब्याचा घण पुढे केला.

बाईंनी हाणला. इतका जोरात की चाक पलीकडे गेलं आणि दोष दुप्पट झाला. मिस्त्री ओरडला, बाई त्याच्यावर ओरडल्या. मग दोघं खाली बसले. हा खडू धरायचा, त्या घण घालायच्या. कधी त्या खडू, हा घण. किती जोराने हे त्याला कळत होतं, नेमकं कुठे हे त्यांना. ऊन उतरायला लागलं तेव्हा खडू कडेला सगळीकडे सारखा उमटला. मिस्त्रीने आम्हाला चहा पाजला, आणि गाडी सुरू झाली की एकदा इकडून न्या, म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता आर्जव होतं.

वर्षश्राद्धाचा दिवस वैशाखातलाच, तसाच तापलेला. पिंडदान भासऱ्यांच्या मुलाने केलं. जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या. भासरे ओसरीवर टेकून बसले, भोवती दोन्हीकडची माणसं. त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. "विचारा त्यायले, काय निघालं."

मी आतल्या दाराकडे पाहिलं. नेहमीसारखा आवाज यायला हवा होता. त्याऐवजी बाईच बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण कपाळ उघडं होतं. त्या सगळ्यांमधून चालत भासऱ्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला. त्यांनी पळसाच्या पानावर तो धागा ठेवून ते पान भासऱ्यांच्या पुढे सरकवलं.

"दादाजी," त्या म्हणाल्या, "तेल होतं. या सुतानं अडलं. टाकी मी पुसून दिलती. सूत माझं हाय."

भासऱ्यांचा अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यायले आत जाऊन बसायले सांगा, असं म्हणाले. 

"मधात कोणाले घालू नका. माझ्याशी बोला."

"मंग तुमीच..." एवढंच ते बोलले. पुढचं कोणालाच ऐकायचं नव्हतं.

"हो. मीच. हे मले रोज म्हणा, मी ऐकून घीन. पन त्यायनं तेल न पाहता गाडी पळवली, असं आजपासून या घरात कोणी म्हणायचं नाई."

 भासरे पानावरच्या धाग्याकडे पाहत राहिले. म्हणायचं ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडून येईना. बाईंनी थोडी वाट पाहिली. मग त्या मागे वळल्या, काचा मारला आणि अंगणात गेल्या. खटका दाबला, किक मारली. काही नाही. दुसरी किक उलटली आणि त्या भिंतीवर आदळल्या. एक म्हातारी म्हणाली, बस झालं न माय आता. बाईंनी पोटरी चोळली आणि तिसऱ्यांदा पाय उचलला. माझ्या घरातली भांडी वाजली. वर्षभराने वाजली. मला रडू आलं ते त्या आवाजाने, श्राद्धाने नव्हे.

त्या भर उन्हात सेलूकडे निघून गेल्या. पाहुणे बोलायला लागले आणि बराच वेळ बोलत होते. भासरे मात्र उठले. माठातून तांब्या भरला, डोक्यावर फेटा नीट केला आणि एकटेच रस्त्याने चालू लागले. मी मागून गेले. सवयच होती मला त्यांच्या मध्ये असण्याची. ते कडुनिंबापाशी जाऊन थांबले. सावलीत गेले नाहीत. उन्हात, रस्त्याच्या कडेला, तांब्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी त्यांना सावलीत या म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

आधी आवाज आला, मग धुरळा, मग बाई. निंबापाशी येऊन त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतं. चेहरा लाल झाला होता, पदर खांद्यावर गेला होता आणि तो त्यांनी वर घेतला नाही. भासरे पुढे झाले आणि त्यांनी तांब्या कलता केला. बाईंनी ओंजळ धरली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी प्यायल्या.

भासरे काहीतरी बोलले. ओठ हलले, पण इंजिनाच्या आवाजात ते विरून गेलं. मग ते मितभाषी, त्या घरात कधी आवाज न चढवलेले भासरे भर रस्त्यात छाती फुगवून ओरडले, "माह्या भावाचं चुकलं नव्हतं!"

मागून आलेले पाहुणे जागच्या जागी उभे राहिले.

बाईंनी कानाला हात लावला. "काय म्हणता दादाजी? आयकू नाई आलं."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मला माहीत आहे. पण भासऱ्यांनी फेटा काढून काखेत धरला, डोळे पुसले आणि पुन्हा ओरडले, पहिल्याहून मोठ्याने.